आधी माल, मग हौदा, मग इंजिन

पिकअप घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये जे प्रश्न विचारतो ते बहुतेक ठरलेले असतात: ऑन-रोड किती पडेल, हप्ता किती बसेल, अ‍ॅव्हरेज किती देते आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. मालवाहू गाडी हे कमाईचं साधन आहे आणि तिची कमाई ठरते ती एका फेरीत किती माल, किती अंतरावर, किती खर्चात पोचला यावरून. म्हणून सुरुवात मालापासून व्हायला हवी. माल काय आहे आणि किती आहे हे कळलं की हौदा ठरतो, हौदा आणि वजन ठरलं की गाडीचा वर्ग ठरतो, रस्ता पाहिला की इंजिन ठरतं, रोजचं अंतर मोजलं की इंधन ठरतं. हप्त्याचा हिशेब या सगळ्याच्या शेवटी येतो. अनेक कुटुंबांसाठी घरानंतरचं सगळ्यात मोठं कर्ज म्हणजे हीच गाडी असते. त्यामुळे या क्रमाचा आग्रह धरणं मला फार गरजेचं वाटतं.

आज पर्याय भरपूर आहेत, पण वीस वर्षांपूर्वी तशी स्थिती नव्हती. मालवाहू तीनचाकी रिक्षा आणि १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ सारखा छोटा ट्रक यांच्या मध्ये मोठी पोकळी होती. ती भरायला मे २००५ मध्ये टाटा एस आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने घराघरांत पोचली. इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून तयार केलेलं दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम १६ हॉर्सपॉवर आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तिच्या यशानंतर बाकीच्या कंपन्याही या वर्गात उतरल्या: २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी, २०१९ मध्ये टाटाची इंट्रा. महिंद्राने आपल्या जुन्या बोलेरो पिकअपच्या जोडीला २०२२ पासून बोलेरो मॅक्स पिकअप ही मालिका आणली आणि २०२३ मध्ये ती ‘सिटी’ आणि ‘एचडी’ अशा दोन गटांत वाढवली. परिणाम असा की आता ६०० किलोपासून २ टनांपर्यंत जवळजवळ प्रत्येक पायरीवर एक तरी गाडी उभी आहे. टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांनाही पिकअपच म्हणतात. तिच्या ऑटोमॅटिक मॉडेलचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर आहे, पण भारवहन अर्ध्या टनाच्या आसपास. ती हौसेची आणि खडतर वाटांची गाडी आहे. या लेखाचा विषय भाड्याने किंवा धंद्यासाठी माल वाहणारी पिकअप हा आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ‘पासिंग’. प्रत्येक मालवाहू गाडीच्या नोंदणीत एकूण वजन लिहिलेलं असतं. एकूण वजन म्हणजे रिकामी गाडी अधिक माल. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो कायदेशीर माल, म्हणजेच गाडीचं पासिंग. एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामी गाडी १,६९० किलो असेल, तर माल १,३०० किलो. बाजारातल्या अनेक पिकअपचं एकूण वजन तीन हजारांच्या किंचित खाली अडलेलं दिसतं, त्याचं कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. ही मर्यादा ओलांडली की परमिट, त्याचं नूतनीकरण आणि त्यामागची धावपळ सुरू होते. परवान्याच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. म्हणजे १.३ टन की १.७ टन हा प्रश्न चारशे किलोंपुरता राहत नाही, कागदपत्रांचा एक वेगळा वर्गही त्यासोबत येतो. गिऱ्हाइकाने हे सही करण्याआधी विचारून घेतलं पाहिजे.

दुसरी गोष्ट हौद्याची, आणि इथे डोळे हमखास फसवतात. टोमॅटोचं उदाहरण घेऊ. एका कॅरेटमध्ये साधारण २० किलो माल आणि कॅरेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो. हौदा ३.०५ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरला, तर नेहमीच्या मापाची सुमारे २४ कॅरेट एका थरात बसतात. तीन थर म्हणजे ७२ कॅरेट, वजन जवळपास १,५८० किलो. चार थर लावले तर वजन २,१०० किलोंच्या वर जातं. म्हणजे १.७ टन पासिंगच्या गाडीत तीन थरांनंतर कायदेशीर जागा जवळजवळ संपते, पण डोळ्यांना अजून भरपूर मोकळं दिसत असतं. सिमेंटच्या बाबतीत हा भ्रम आणखी मोठा. ५० किलोच्या ३४ गोण्यांतच १.७ टन पूर्ण होतात आणि हौद्याचा वरचा बहुतेक भाग रिकामा राहतो. याउलट मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, गाद्या, पाव, रिकामे डबे अशा मालाने हौदा शिगोशीग भरला तरी काट्यावर वजन निम्मंही भरत नाही. त्यामुळे खरेदीआधी एक साधं गणित करावं: आपल्या मालाच्या एका घनमीटरचं वजन किती? वर धरलेल्या हौद्यात १.२ मीटर उंचीपर्यंत माल रचला तर सुमारे ६.२ घनमीटर जागा मिळते, आणि १,७०० किलोला तिने भागलं तर दर घनमीटरला २७५ किलोच्या आसपास आकडा येतो. माल याहून जड असेल तर लांब हौद्याला पैसे मोजून उपयोग नाही, पासिंग वाढवायला हवं. माल याहून हलका असेल तर जास्त पासिंग वाया जातं, लांब हौदा उपयोगी पडतो. एकाच मालिकेत एकाच इंजिनावर वेगवेगळ्या लांबीचे हौदे आणि वेगवेगळी पासिंग असतात ती याच कारणाने.

याच हिशेबात पर्यायांची यादी वाचायला हवी. कंपनीचा उघडा हौदा घ्यायचा, की चेसिस घेऊन बाहेरून बॉडी बांधून घ्यायची, की बंद पेटी बसवायची, हा निर्णय बहुधा सोयीवर घेतला जातो. पण लोखंडी जाळी, ताडपत्रीचा सांगाडा, जाड पत्रा, मजबूत फाळका या प्रत्येकाचं वजन मालाच्या वाट्यातून वजा होतं. दोनशे किलोची पेटी बसवली की १,३०० किलोच्या गाडीत १,१०० किलोच माल कायदेशीर राहतो. दुहेरी केबिनची गाडी घेतली तर माणसं बसतात, पण हौदा आखूड होतो. मंडप, केटरिंग, विजेची कामं घेणारा कंत्राटदार अशांना ते परवडतं, कारण त्यांना कामगार आणि अवजारं एकाच फेरीत न्यायची असतात. धान्याच्या व्यापाऱ्याला ते परवडणार नाही. फोर-व्हील ड्राइव्हचंही तसंच. चिखलाच्या शेतवाटा आणि डोंगरी कामं रोजची असतील तर ती हवीच, नाहीतर वजन, किंमत आणि देखभाल तिन्ही वाढतात. पॉवर स्टिअरिंगला मात्र मी चैन मानत नाही. दिवसभर बाजारपेठेच्या गल्ल्यांत गाडी मागेपुढे करणाऱ्याच्या खांद्यांचा तो प्रश्न आहे.

आता इंजिन. हॉर्सपॉवरच्या आकड्यावर विसंबू नये हे सांगायला आजच्या बाजारातली तीन इंजिनं पुरेशी आहेत. सुपर कॅरीचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन सुमारे ८० हॉर्सपॉवरचं आहे. इंट्रा व्ही-५० चं १,४९६ सीसी डिझेल इंजिनही ८० चं. बोलेरो मॅक्स पिकअपच्या जास्त ताकदीच्या मॉडेलमधलं अडीच लिटरचं डिझेल इंजिनही ८० च्याच आसपास. पण टॉर्क पाहिला तर पेट्रोल इंजिनाचा १०४ न्यूटन-मीटर आणि दोन्ही डिझेलांचा २२०. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. पेट्रोल इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास देतं, डिझेल त्याहून बऱ्याच कमी फेऱ्यांवर. म्हणजे पेट्रोल गाडी चढ चढू शकत नाही असं नाही. गिअर टॉर्क वाढवून देतात. पण माल भरलेल्या गाडीला चढावर रोज तेवढ्या फेऱ्यांवर ओरडत ठेवावं लागतं, इंधन जळतं आणि क्लचवर ताण येतो. एकाच कंपनीत हाच फरक आणखी स्पष्ट दिसतो. इंट्रा व्ही-३० आणि व्ही-५० या दोघींचं इंजिन १,४९६ सीसीचं. भारवहनात फरक दोनशे किलोंचा: १,३०० आणि १,५००. ताकदीत फरक दहा हॉर्सपॉवरचा: ७० आणि ८०. टॉर्क मात्र १४० वरून थेट २२० वर जातो. सपाट रस्त्यावर भाजी वाहणाऱ्याला व्ही-३० पुरेल. रोज घाट ओलांडणाऱ्याने या तिसऱ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजावेत.

मग मोठंच इंजिन घ्यावं का? त्याचंही गणित मांडता येतं. तीन टन एकूण वजनाची गाडी शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने चढवायला चाकांशी सुमारे २४ किलोवॉट, म्हणजे ३२ हॉर्सपॉवर लागते. दीड टन एकूण वजनाची गाडी त्याच चढावर ताशी तीसच्या आसपास चढायला १६ हॉर्सपॉवरचं इंजिनही पुरतं. पहिल्या छोट्या हत्तीच्या यशाचं गमक इथे आहे. तिचं इंजिन कागदावर क्षुल्लक दिसत होतं, पण ज्या मालासाठी आणि ज्या अंतरासाठी ती घडवली त्याला ते पुरेसं होतं, आणि पुरेसं असल्यामुळेच ती स्वस्त राहिली. इंजिन कामाच्या मापाचं असावं. शहरातल्या वाटपाला अडीच लिटरचं डिझेल जुंपणं आणि रोजच्या कसारा किंवा खंबाटकी घाटाला सर्वांत छोटं इंजिन जुंपणं या दोन्ही गोष्टी सारख्याच महाग पडतात.

इंधनाची निवड रोजच्या अंतरावर आणि थांब्यांवर अवलंबून असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. साठलेली काजळी जाळून टाकायला धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापतो लांबच्या, सलग धावेत. गल्लीबोळांत दोन-दोन किलोमीटर थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबण्याची तक्रार निघते. बीएस-६ येताना मारुतीने सुपर कॅरीचं डिझेल बंदच केलं, हे छोट्या गाड्यांच्या अर्थकारणाबद्दल बरंच सांगून जातं. सीएनजी शहराच्या आसपास स्वस्त पडतो, पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. सुमारे २०० बार दाबाचा वायू साठवणारी टाकी जड असते. सुपर कॅरीत पेट्रोल मॉडेल ७४० किलो माल वाहतं आणि सीएनजी मॉडेल ६२५. वर ताकदही ८० वरून सुमारे ७२ हॉर्सपॉवरवर येते, कारण सिलिंडरमध्ये वायूच हवेची काही जागा व्यापतो. माल हलका असेल तर या ११५ किलोंचं दुःख नाही. पाण्याचे जार वाहणाऱ्याला मात्र प्रत्येक फेरीत वीस लिटरचे पाच जार कमी न्यावे लागतील.

विजेवरच्या गाड्यांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही घाईची आहेत. २०२२ मध्ये आलेल्या एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटांची, कंपनीने सांगितलेला पल्ला १५४ किलोमीटरचा आणि भार ६०० किलोचा. २०२४ मध्ये एक टन वाहणारं मॉडेल आलं. २०२५ च्या एस प्रोमध्ये पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि वीज असे तिन्ही पर्याय ७५० किलोच्या गाडीत मिळू लागले, किंमत ३.९९ लाखांपासून सुरू झाली. चाचणीतला पल्ला प्रत्यक्षात कमी होतो हे धरून चालावं. समजा किलोमीटरला ०.२ युनिट लागलं आणि युनिटला १० रुपये पडले, तरी इंधनखर्च किलोमीटरला दोनच रुपये येतो. ठरलेल्या वाटेने रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरून रात्री एकाच जागी उभी राहणारी गाडी, मग ती किराण्याच्या वाटपाची असो की पार्सलची, या गणितात चपखल बसते. आज नारायणगावहून वाशीला तर उद्या सोलापूरला जाणाऱ्या भाड्याच्या गाडीला अजून ते जमत नाही. करांचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून ५ टक्के आहे. म्हणजे दोघांतलं अंतर कमी झालं आणि त्याआधीच्या किमतींवर बेतलेल्या तुलना आता जुन्या झाल्या.

हे सगळं एका हिशेबात बसवून पाहू. समजा रोज १,२०० किलो माल चाळीस किलोमीटरवर पोचवायचा आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. साडेसातशे किलोची गाडी लिटरला १८ किलोमीटर देते, पण तिला दोन फेऱ्या कराव्या लागतात: १६० किलोमीटर, ८०० रुपये. तेराशे किलोची गाडी लिटरला १३ च देते, पण एका फेरीत काम उरकते: ८० किलोमीटर, सुमारे ५५० रुपये. दिवसाला अडीचशे आणि पंचवीस दिवसांत सव्वासहा हजार रुपये वाचले, शिवाय निम्मा दिवस मोकळा. मोठ्या गाडीचा वाढीव हप्ता यातून निघू शकतो. आता माल ६०० किलोच धरा. छोटी गाडी ४०० रुपयांत काम करते, मोठी तेच ५५० ला, आणि जादा हप्ता वेगळाच. तीच गाडी एका मालाला फायद्याची आणि दुसऱ्या मालाला तोट्याची ठरली. अ‍ॅव्हरेजचा आकडा एकट्याने हे सांगू शकत नाही. विचारायचा आकडा म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा खर्च, रिकामी परतफेरी धरून.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा येतो की पासिंग पाहतो कोण. तेराशे किलोच्या गाडीत दोन टन भरले जातात, पाटे वाढवून घेतले की गाडी बसत नाही, आणि भाड्याचे दरच ओव्हरलोड धरून ठरलेले असतात. या आक्षेपातला शेवटचा भाग खरा आहे. नियम पाळणाऱ्याला न पाळणाऱ्याच्या दराशी झुंजावं लागतं, आणि हा अन्याय एकट्या गाडीमालकाला दूर करता येणार नाही. पण बाकीचं गणित त्याच्या विरुद्ध जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला दाव्यावर बोट ठेवायला आयतं कारण मिळतं. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक, टायर, बेअरिंग आणि चेसिस होते तेच राहतात. जादा माल जवळजवळ सगळा मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, पुढचं टोक हलकं होतं, स्टिअरिंगची पकड सुटते आणि घाट उतरताना ब्रेकमध्ये उष्णता वजनाच्या प्रमाणात वाढते. रस्त्याचं काय होतं तेही माहीत आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या चाचणीतून असं दिसलं की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्के वाढला की झीज दुप्पट. त्या खड्ड्यांतून उद्या तीच पिकअप जायची असते. माल खरोखरच दोन टन असेल तर बोलेरो मॅक्स एचडी किंवा टाटा योद्धा २.० या दोन टनांच्या गाड्या त्यासाठीच बनलेल्या आहेत. छोटी गाडी घेऊन वाचवलेले पैसे मालक पुढे गॅरेजमध्ये हप्त्याहप्त्याने भरत असतो.

दुसरा आक्षेप अधिक समंजस आहे: तालुक्याच्या गावात मिस्त्री कोणत्या गाडीचा मिळतो, सुटे भाग कुठे मिळतात आणि पाच वर्षांनी गाडी विकताना गिऱ्हाईक येतं का, यावर गाडी घ्यावी. हे मान्य करायला हवं. मालवाहू गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं आणि विश्वासू गिऱ्हाईक दोन्ही जातात. पण हा निकष योग्य वर्गातल्या दोन-तीन गाड्यांमधून एक निवडताना लावावा, वर्ग ठरवताना नव्हे. ‘धंदा वाढेल म्हणून मोठीच घ्या’ हा सल्लाही असाच तपासावा. धंदा वाढेपर्यंतची दोन-तीन वर्षं रिकाम्या हौद्याचा हप्ता कोण भरणार, हे कागदावर लिहून पाहावं. हंगामात चार आठवडे मोठी गाडी भाड्याने घेणं अनेकदा स्वस्त पडतं.

एक गोष्ट खरेदीदाराच्या हातात नाही, ती धोरणाच्या हातात आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. त्याखालच्या पिकअप या नियमातून सुटल्या, आणि बहुतेक पिकअपमध्ये एसी हा वरचे पैसे देऊन घ्यायचा पर्यायच राहिला. विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर इंजिनाच्या धगीशेजारी बसणाऱ्या चालकाचं शरीर गाडीचं वजन पाहून तापत नाही. हा नियम खालच्या वर्गालाही लागू व्हावा. त्याच्या जोडीला, प्रत्येक शोरूममध्ये किमतीच्या पाटीशेजारी एकूण वजन, बॉडीसह उरणारा माल, हौद्याची मापं आणि टॉर्क हे चार आकडे मराठीत लावणं बंधनकारक असावं. एवढे चार आकडे समोर असले की गाडीमालक आपल्या मालाचं गणित स्वतः मांडू शकेल, आणि विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर आयुष्यातलं दुसरं मोठं कर्ज उचलण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.